दिवाळीचं शटर ओढण्याआधी

भोसरी, चाकण, सातपूर, अंबड, वाळूज, शिरोली, बुटीबोरी इथल्या लघुउद्योजकांना, इचलकरंजीच्या यंत्रमागधारकांना, बाजार समितीतल्या अडत्यांना, पतसंस्थांच्या व्यवस्थापकांना आणि या सगळ्यांचे हिशेब सांभाळणाऱ्या अकाउंटंट मंडळींना ही कळकळीची विनंती आहे. दिवाळीची सुट्टी तोंडावर आली आहे. बोनस, मिठाईचे बॉक्स, पार्ट्यांकडची वसुली, गावी निघालेले कामगार या गडबडीत कुणाला मान वर करायला सवड नाही, हे ठाऊक आहे. तरीही एक तास काढाच. हिशेबाच्या डेटाची एक प्रत काढून ती संगणकापासून तोडून ठेवा. आणि ‘आमचं बँक खातं बदललंय’ असा निरोप कुणाचाही आला, तरी तुमच्याकडच्या जुन्या नंबरवर स्वतः फोन लावून खात्री केल्याशिवाय एक रुपयाही सोडायचा नाही, असं तुमच्या माणसांना नुसतं तोंडी सांगू नका, लिहून द्या.

मागणं एवढंच आहे. ते आत्ताच का करायचं, त्यासाठी पुढचं लिहिलं आहे.

आत्ताच, कारण हे चोर पंचांग बघून येतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर पळवले गेले. पैसे पाठवण्याचे खोटे आदेश गुरुवारी रात्री निघाले. ढाक्यात शुक्रवार-शनिवार सुट्टी, पैसे जिथे ठेवलेले होते त्या न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवार सुट्टी आणि पैसे जिथे उतरले त्या मनिलात सोमवारी चिनी नववर्षाची सुट्टी. एकाने शंका विचारावी तर दुसरा जागेवर नाही, अशी चोख व्यवस्था.

आपल्या पुण्याचं उदाहरण तर विसरायलाच नको. कॉसमॉस बँक १९०६ सालची, मुख्यालय गणेशखिंड रस्त्यावर. ११ ऑगस्ट २०१८ हा महिन्याचा दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकेला सुट्टी. एटीएममध्ये कार्ड घातलं की ते यंत्र बँकेच्या एका संगणकाला विचारतं, ‘याच्या खात्यात पैसे आहेत का, देऊ का?’ या मधल्या संगणकाला स्विच म्हणतात. चोरांनी तसाच एक खोटा स्विच उभा केला आणि तो प्रत्येक विचारणेला ‘दे’ म्हणत सुटला. खरी बँक विचारणेच्या वाटेवर उरलीच नाही. २८ देशांतल्या एटीएमवर बनावट कार्डं घेऊन माणसं उभी होती. परदेशात सुमारे १२ हजार व्यवहारांतून ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतात २,८४९ व्यवहारांतून अडीच कोटी गेले, त्यात कोल्हापुरातली एटीएमही होती. सोमवारी १३ तारखेला, बँका परदेशी पैसे पाठवायला वापरतात त्या स्विफ्ट यंत्रणेतून आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात रवाना झाले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. पुढे एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं, पण ती बनावट कार्डांनी इथे पैसे काढण्याच्या साखळीतली मंडळी. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने आपल्या अहवालात या चोरीमागे उत्तर कोरियाचा हात असल्याचं नोंदवलं आहे. चतुःशृंगी पोलिस ठाण्यात गुन्हा दाखल झाला म्हणून तिथवर आपला हवालदार पोचणार आहे थोडाच!

आणखी एक पुण्याचंच. सप्टेंबर २०२२ मध्ये सीरम इन्स्टिट्यूटच्या एका संचालकाला व्हॉट्सअॅपवर निरोप आला. निरोप पाठवणारा स्वतःला अदर पूनावाला म्हणवत होता. अमुक खात्यांत तातडीने पैसे पाठवा, असं त्यात लिहिलेलं. एक कोटी रुपयांहून जास्त रक्कम गेली आणि मग कळलं की पूनावालांनी असा निरोप पाठवलाच नव्हता. तारखा होत्या ७ आणि ८ सप्टेंबर. ९ तारखेला अनंत चतुर्दशी. विसर्जनाच्या आदल्या दिवशी पुण्यातल्या कुठल्या ऑफिसात कोण किती जागेवर असतं, ते पुणेकरांना सांगायला नको. चोराने तारीख मुद्दाम निवडली की योगायोग होता, हे तोच जाणे. पण तुमच्या अकाउंटंटला धनत्रयोदशीच्या दुपारी ‘शेठ’चा निरोप आला, तर तो किती प्रश्न विचारेल? स्वतःच्या ऑफिसचं चित्र डोळ्यांपुढे आणा.

आता नेहमीचा आक्षेप. “अहो, त्या बँका, त्या कोट्यवधींच्या कंपन्या. आमच्या बारा माणसांच्या शॉपमध्ये कोण हॅकर कशाला येतोय?” हे वाक्य मी इतक्या मालकांच्या तोंडून ऐकलं आहे की आता समोरच्याने तोंड उघडण्याआधीच ऐकू येतं. लहान आणि मध्यम ऑफिसांचे संगणक सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे, म्हणून खात्रीने सांगतो. कुणी तुमचं नाव घेऊन येत नाही. इंटरनेटवर उघड्या राहिलेल्या यंत्रांचे पत्ते आपोआप तपासत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. जे दार ढकलल्यावर उघडलं, ते आधी उघडायचं. आत दवाखाना आहे, साखर कारखाना आहे की नटबोल्टचं दुकान, ते नंतर बघायचं. तुमच्याकडून दोन लाख निघणार असतील तर दोन लाख मागतील. त्यांचा धंदा उलाढालीवर चालतो.

आणि दोन लाखांवर निभावलं तर ते नशीब. ब्रिटनमध्ये नाइट्स ऑफ ओल्ड नावाची मालवाहतूक कंपनी होती, १८६५ सालची. जून २०२३ मध्ये खंडणीखोर टोळीने तिच्या समूहाच्या संगणकांतला डेटा कुलूपबंद केला. गाड्या होत्या, चालक होते, गिऱ्हाईक होतं. पण हिशेबच हाताशी नाही, तर बँकेला काय दाखवणार? सप्टेंबरात कंपनी बुडाली आणि सुमारे ७०० माणसं घरी बसली. एका कर्मचाऱ्याचा सहज ओळखता येणारा पासवर्ड चोरांना सापडला असावा, असं संचालकांनीच पुढे सांगितलं. तो कर्मचारी कोण हे त्यांना माहीत होतं, पण त्याला त्यांनी ते कधी सांगितलं नाही. या संचालकांबद्दल मला आदर वाटतो. त्याचं कारण पुढे येईल.

आधी त्या बदललेल्या खात्याचं प्रकरण नीट बघू. लघुउद्योगांत सगळ्यांत जास्त पैसा इथेच बुडताना मी पाहतो, आणि यात व्हायरस वगैरे काही दिसतच नाही.

राजकोटच्या एका पुरवठादाराकडून तुम्ही कास्टिंग घेता. वर्षानुवर्षांचा व्यवहार, दर महिन्याला बिल, ४५ दिवसांनी पेमेंट. एक दिवस त्याचा मेल येतो. वरती तोच विषय, खाली तुमच्याच जुन्या मेलांची माळ. पीओ नंबर बरोबर, बिलाची रक्कम पैशांपर्यंत बरोबर. तो माणूस प्रत्येक मेलमध्ये ‘काइंडली’चं स्पेलिंग चुकवतो, तीही चूक जशीच्या तशी. मजकूर एवढाच की ऑडिट चालू असल्यामुळे आमचं जुनं खातं तात्पुरतं बंद आहे, तरी या बिलाचं पेमेंट सोबत जोडलेल्या खात्यात करावं. सोबत लेटरहेडवर शिक्क्यासकट पत्र, रद्द केलेल्या चेकचा फोटो. अकाउंटंट ताई बघतात, बेनिफिशियरी बदलतात, आरटीजीएस मारतात. वीस-पंचवीस दिवसांनी राजकोटहून खऱ्या माणसाचा फोन येतो, “भाई, पेमेंट कब छोडोगे?”

चोराला पीओ नंबर कसा कळला? कारण तो तुमच्या किंवा राजकोटवाल्याच्या मेलबॉक्समध्ये कित्येक दिवस बसून होता. कधीतरी कुणीतरी खोट्या पानावर मेलचा पासवर्ड टाकला. चोराने आत जाऊन काहीही मोडलं नाही. त्याने सेटिंगमध्ये फक्त एक नियम लावला, की ‘इनव्हॉइस’ किंवा ‘पेमेंट’ हा शब्द असलेला प्रत्येक मेल मला गुपचूप पाठव. मग वाचत बसला. मोठं बिल निघायची वाट पाहिली. मेलचा पत्ताही हुबेहूब केला. इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही दोन अक्षरं शेजारी शेजारी बसवली की छोट्या टायपात ती ‘एम’च दिसतात. चष्मा लावूनही कळत नाही, घाईत तर नाहीच.

म्हणून डोळ्यांवर भिस्त ठेवू नका. फोन करा. आणि फोन त्या मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे, तर तुमच्या जुन्या डायरीतल्या, जुन्या बिलावर छापलेल्या नंबरवर. त्यांचा फोन आला तर “एक मिनिटात मीच लावतो” म्हणून ठेवा आणि मग लावा. आवाज ओळखीचा आहे म्हणून विश्वास ठेवण्याचे दिवस गेले. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये एका ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर आपले वरिष्ठ डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले आणि २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. कॉलवरची ती सगळी माणसं संगणकाने बनवलेली होती.

आपल्याकडे आरटीजीएस, एनईएफटी खाते क्रमांक आणि आयएफएससी बघून चालतात, नाव जुळतंय की नाही याची चिंता यंत्रणा करत नसे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार एप्रिल २०२५ पासून पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव पाहण्याची सोय बँकांनी द्यायची आहे. ती वापरा. पुरवठादार ‘अमुक इंजिनिअरिंग वर्क्स’ आणि खातं कुणा एकट्यादुकट्याच्या वैयक्तिक नावावर, असं दिसलं तर तिथेच थांबा. मोठ्या रकमेला एकाने एंट्री करायची आणि दुसऱ्याने मंजुरी द्यायची, ही सोय जवळपास प्रत्येक बँकेच्या कॉर्पोरेट नेटबँकिंगमध्ये असते. पण अनेक ठिकाणी दोन्ही पासवर्ड एकाच ताईंच्या वहीत असतात, कारण मालक साइटवर. मग दोन माणसांचा उपयोग काय?

मेलवर दुहेरी पडताळणी आजच लावा, म्हणजे पासवर्डसोबत मोबाइलवरचा कोडही लागेल. पासवर्ड बदला, आणि त्यानंतर सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्डिंगचा कुठला अनोळखी नियम बसला आहे का तेही बघा. नुसता पासवर्ड बदलून तो नियम जात नाही.

आता डेटाच्या प्रतीचं. इथे मी थोडा लांबच्या गावचा किस्सा सांगणार आहे, पण त्याची एक शाखा आपल्या उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात आहे.

२७ जून २०१७. दुसऱ्या दिवशी युक्रेनचा संविधान दिन, म्हणजे पुन्हा सुट्टीची आदली तारीख. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी सर्रास वापरलं जाणारं एक हिशेबाचं सॉफ्टवेअर होतं. आपल्याकडे घराघरांत टॅली आहे ना, तसं. चोरांनी त्या सॉफ्टवेअरच्या कंपनीत शिरून तिच्या अपडेटमधूनच विष पाठवलं. नॉटपेट्या या नावाने ते ओळखलं जातं. वरवर खंडणी मागायचं, पण पैसे देऊनही डेटा परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. मर्स्क ही जगातली बलाढ्य जहाज कंपनी. युक्रेनमधल्या तिच्या ऑफिसात ते सॉफ्टवेअर होतं, तेवढं पुरलं. जगभरातल्या तिच्या बंदरांवर ट्रकांच्या रांगा लागल्या. न्हावा-शेव्यात तिच्या समूहाकडे असलेलं टर्मिनलही अडकलं. सुमारे ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसानीचा कंपनीचा स्वतःचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलरचा.

यातली खरी गोष्ट पुढे आहे. कोण कर्मचारी, कुणाला कुठे जायची परवानगी, ही सगळी यादी ज्या खास सर्व्हरांवर असते ते मर्स्ककडे सुमारे दीडशे होते, आणि ते एकमेकांची प्रत ठेवत. एक गेला तरी दुसरा आहे, अशी योजना. पण सगळे एकमेकांना जोडलेले, म्हणून सगळे एकदमच पुसले गेले. दीडशे प्रती, आणि हाती एकही नाही! मग शोधता शोधता कळलं की घानातला एक सर्व्हर शाबूत आहे. का? तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. तार तुटलेली, म्हणून विष पोचलं नाही. तिथून डेटा इंटरनेटने पाठवायला फार वेळ लागला असता. डिस्क हाताने ब्रिटनला न्यावी, तर घानातल्या त्या ऑफिसात कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी तिथला एक कर्मचारी डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, विमानतळावर दुसऱ्याच्या हाती दिली, आणि ती लंडनजवळच्या केंद्रात पोचली. पृथ्वीच्या पाठीवरची एवढी मोठी कंपनी एका लोडशेडिंगने वाचली.

आता तुमच्या ऑफिसात बघा. “बॅकअप आहे ना?” असं विचारलं की “आहे की!” असं उत्तर येतं, आणि टेबलाखालच्या सीपीयूला मागून कायमची अडकवलेली एक हार्ड डिस्क दाखवली जाते. वर्षानुवर्षं तिथेच, धूळ खात, निळा दिवा लुकलुकतोय. संगणकाला जे दिसतं ते खंडणीखोराच्या प्रोग्रामलाही दिसतं. तो आधी तुमचा टॅलीचा फोल्डर कुलूपबंद करतो आणि पुढच्या क्षणाला ती डिस्क. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर आपोआप जाणाऱ्या फोल्डरचंही जवळपास तसंच. इथली बिघडलेली फाइलच वरती जाऊन बसते. तिथे जुनी प्रत काही दिवस मागे जाऊन काढता येते, पण ते वेळेत लक्षात यायला हवं.

तेव्हा दोन डिस्क घ्या. आज एकीवर प्रत काढा, सॉफ्टवेअरमधून व्यवस्थित ‘इजेक्ट’ करा, वायर काढा आणि मालकाच्या घरी कपाटात ठेवा. पुढच्या आठवड्यात दुसरी. त्या दोघींनी कधी एका वेळी ऑफिसात भेटू नये. टॅली, बिलांच्या पीडीएफ, सीएडीची ड्रॉइंग, सीएनसीचे प्रोग्राम, पगारपत्रक हे सगळं त्यात आलं पाहिजे. सीएनसीचे प्रोग्राम हमखास राहतात, कारण ते अकाउंटंटच्या संगणकावर नसतात, शॉपफ्लोअरवरच्या एखाद्या काळ्याकुट्ट पेनड्राइव्हमध्ये असतात. आणि प्रत काढून झाली की ती डिस्क दुसऱ्याच एखाद्या संगणकाला लावून गेल्या वर्षीचं एक बिल उघडून बघा. न उघडणाऱ्या प्रती मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

बाकीची दारं भराभर बघू. घरून टॅली बघता यावी म्हणून तुमच्या संगणकवाल्याने राउटरमधून रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटला उघडून दिलं असेल, तर ते आज बंद करायला सांगा. खंडणीखोरांची ही आवडती वाट आहे. एनीडेस्क कायम चालू ठेवून ‘एक दोन तीन चार’ असा पासवर्ड लावला असेल तर तेच. फुकटातलं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर बसवताना ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ अशी सूचना येते आणि आपण ती पाळतो, यावर अधिक काय बोलायचं! विंडोज १० ची सर्वसाधारण मदत मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. त्या यंत्रांवर निदान बँकेचं काम तरी करू नका. लग्नपत्रिका, वाहतुकीचं चलन, बँकेची केवायसी अशा नावांनी व्हॉट्सअॅपवर येणारी, शेवटी ‘एपीके’ असलेली फाइल मोबाइलवर उघडलीत, तर तुमचे ओटीपी दुसऱ्याच्या हाती जातील. बँकांना आपली संकेतस्थळं ‘बँक डॉट इन’ या शेपटाच्या पत्त्यावर नेण्याचा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे, तेव्हा दुसऱ्या शेपटाचं पान दिसलं तर आधी शाखेत विचारा.

परवा खंडेनवमीला आपण लेथला, कॉम्प्रेसरला आणि त्याच ओघात टेबलावरच्या संगणकालाही हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. हाराआड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी मात्र तशीच राहिली.

सीए आणि करसल्लागार मंडळींना वेगळं सांगणं आहे. तुमच्या ऑफिसातल्या त्या डब्याबद्दल. अशिलांच्या डिजिटल सहीची यूएसबी टोकन, रबरबँड लावून, नावाची चिठ्ठी चिकटवून, आणि त्याच चिठ्ठीवर पिन. ज्या सहीने कंपनीची कागदपत्रं दाखल होतात, जीएसटीचं विवरणपत्र भरलं जातं, सरकारी टेंडर भरलं जातं, ती सही आर्टिकलशिप करणाऱ्या कुठल्याही पोराच्या हाताला लागेल अशी पडलेली असते. सोय होते, मान्य. पण कोऱ्या चेकांवर मालकाची सही घेऊन तुम्ही त्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवाल का? चिठ्ठ्या आज फाडा. टोकन कपाटात, कुलपात, आणि कधी कुणी कशासाठी काढलं याची वही.

पतसंस्था आणि छोट्या बँकांनी आपलं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याकडे बोट दाखवून मोकळं होऊ नये. जुलै २०२४ अखेर सी-एज टेक्नॉलॉजीज या पुरवठादार कंपनीला खंडणीच्या हल्ल्याचा फटका बसला आणि एनपीसीआयने खबरदारी म्हणून तिला पेमेंटच्या जाळ्यापासून तोडलं. तिच्यावर अवलंबून असलेल्या देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे यूपीआय, एटीएमसारखे व्यवहार त्यामुळे थांबले. दोष बँकांचा नव्हता, पण काउंटरवर खातेदारांना तोंड त्यांनाच द्यावं लागलं. पुरवठादार कुठे डेटा ठेवतो, प्रत कुठे असते, बंद पडला तर किती तासांत उभा राहील, हे करारात लिहून घ्या.

एवढं करूनही फटका बसू शकतो. मग काय?

मग पहिला शत्रू लाज. “बाहेर कळलं तर पार्टी माल देणार नाही”, “बँक लिमिट कमी करेल”, “भावकीत हसं होईल” असं म्हणत मालक दोन दिवस घालवतो, आणि त्याआधी मालक ओरडेल या भीतीने अकाउंटंटने एक दिवस घालवलेला असतो. चोरीचा पैसा तोवर एका खात्यातून पाच, पाचांतून पन्नास खात्यांत पांगतो आणि रोखीने निघून जातो. तो बँकांच्या खात्यांत असेपर्यंतच अडवता येतो. १९३० हा सायबर-तक्रारीचा सरकारी फोन क्रमांक त्यासाठीच आहे. तिथे तक्रार झाली की पैसे ज्या ज्या बँकेत गेले असतील तिथे रक्कम रोखून धरण्याचा निरोप जातो. म्हणून तासाचं महत्त्व. फोन करताना आपला खाते क्रमांक, रक्कम, वेळ, समोरचं खातं आणि यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. सोबत आपल्या बँकेला कळवा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा.

त्या ब्रिटिश संचालकाबद्दल आदर वाटतो तो याचसाठी. चूक करणाऱ्याला सगळ्यांसमोर झापलं की पुढच्या वेळी सगळे चूक लपवायला शिकतात. आज दुपारी चहाच्या वेळी सगळ्यांना बोलावून सांगा: “चुकून काही क्लिक झालं, चुकून पैसे गेले, तर आधी मला फोन करा. रात्री दोन वाजता करा. कुणाच्या पगारातून काही कापलं जाणार नाही.” आणि मग खरोखरच कापू नका.

स्क्रीनवर खंडणीची मागणी दिसली तर नेटवर्कची वायर उपटा, वायफाय बंद करा, स्क्रीनचा फोटो काढा. घाईघाईने संगणक फॉरमॅट मारू नका. आपले संगणकवाले मदतीच्या भरात हेच आधी करतात आणि पुरावाही जातो, डेटा सुटण्याची शक्यताही. काही खंडणीखोरांच्या कुलपांच्या किल्ल्या पोलिसांच्या हाती लागल्या आहेत आणि युरोपोल, डच पोलिस यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमातून त्या फुकट मिळतात. तुमच्या कुलपाची असेल असं नाही, पण फॉरमॅट केलेल्या डिस्कला ती लावणार कुठे? पैसे देऊ नका, असंच माझं मत आहे. देऊन डेटा मिळेलच याची हमी नाही, आणि ‘हा देतो’ अशी नोंद मात्र होते.

कायद्याचंही बघावं लागेल. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असे हल्ले लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवायचे असतात, आणि हे कंपन्यांनाही लागू आहे. संगणक-नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. लोकांची माहिती जपण्यासाठी वाजवी काळजी घेतली नाही, तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. कामगारांच्या आधारच्या झेरॉक्स आणि गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर तुमच्या संगणकावर असतील, तर तो कायदा तुम्हाला परका नाही.

व्यापाऱ्यांना अजून एक. “तुमचं करंट अकाउंट चार दिवस वापरायला द्या, टक्का देतो” म्हणणारा भेटला तर त्याला दुकानाच्या पायऱ्या उतरायला लावा. चोरीचा पैसा अशाच खात्यांतून फिरतो, आणि गुन्हा खातेदारावर येतो.

औद्योगिक संघटनांना आणि व्यापारी महासंघांना विनंती, की दिवाळी स्नेहमेळाव्यात सत्कारांची संख्या दोनने कमी करून या विषयाला वीस मिनिटं द्या. आपल्या जिल्ह्याच्या सायबर पोलिस ठाण्यातल्या अधिकाऱ्याला बोलवा. ज्याला फटका बसला आहे असा एखादा सभासद चार माणसांत बोलायला तयार झाला, तर भाषणापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

आणि सुट्टीचं. शटर ओढताना सर्व्हर, राउटर, कुणाला गरज नसलेले संगणक बंद करून जा. बंद यंत्रात कुणी शिरत नाही. सुट्टीच्या दिवसांत नेटबँकिंगची मर्यादा बँकेतून खाली आणून घ्या. बँकेचे एसएमएस एकट्या अकाउंटंटच्या नव्हे, मालकाच्या मोबाइलवरही येतील असं करा. सुट्टीत पेमेंटची तातडी निघालीच तर निर्णय कुणी घ्यायचा, त्या दोघांची नावं आणि नंबर कागदावर लिहून एकमेकांकडे ठेवा. व्हॉट्सअॅपवर नको. भाऊबीजेनंतर कामावर आलात की मेल उघडण्याआधी बँकेचं स्टेटमेंट उघडा, सुट्टीतली एकेक ओळ बिलाशी ताडून बघा, आणि न जुळणारी ओळ दिसली तर चहा सांगायच्या आधी १९३० लावा.